लाल उजेडाचा आकडा

माझं काम लोकांना समजावून सांगायला मला सदा लागायचा. सदानंद परब, आमच्या कंपनीत बोर्ड डिझाइन करायचा, राहायला भांडुपला, वयाने माझ्याहून थोडा लहान आणि माझ्याहून कितीतरी बोलका. लग्नाकार्यात कुणी मला विचारलं, "आपण काय करता?" की मी चष्मा पुसायला घ्यायचो आणि सदा मधे पडायचा. "हे ना? हे प्रॉपर्टी लिहितात." समोरचा माणूस लगेच मुलुंडमध्ये सध्या काय भाव चाललाय ते विचारायचा, आणि तोवर सदा जेवणाच्या रांगेत पोचलेला असायचा.

आता हे मलाच सांगावं लागणार. गेले कित्येक दिवस मी या लेखाला बसतो, अर्धं पान लिहितो, उठतो, नाहूरच्या पुलापर्यंत चालत जाऊन येतो आणि लिहिलेलं खोडतो. घरात एका खोलीत बसवत नाही. पुस्तक उघडलं तर त्याच पानावर तीनदा परत यावं लागतं. तेव्हा जमेल तसं सांगतो.

आमची कंपनी अंधेरीच्या एमआयडीसीत. रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवतात ते मॉनिटर आम्ही बनवायचो. नाडी, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू असं सगळं पडद्यावर दाखवणारं मशीन. त्याच्या पोटात एक हिरवा बोर्ड असतो. बोर्डावर एक छोटा संगणक आणि त्याच्या भोवती पंधरावीस चिप. घरच्या कॉम्प्युटरला तुम्ही माऊस जोडला की माऊस स्वतःच सांगतो, मी माऊस. आमच्या बोर्डावरच्या चिप मुक्या असतात. त्या आपलं नाव सांगत नाहीत. मधल्या संगणकाला चालू झाल्यावर आपल्या आजूबाजूला कोण आहे याचा पत्ता नसतो. ते कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. अमुक पत्त्यावर अमुक चिप आहे, तिला जागं करायची तार ही, ती तार वर ओढली की चिप जागी होते की खाली ओढली की, वीज दिल्यावर तिला सावरायला किती वेळ द्यायचा. या लिखाणाला डिव्हाइस ट्री म्हणतात आणि त्यातल्या एकेका तपशिलाला प्रॉपर्टी. प्रत्येक चिप चालवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हरला बोर्ड दिसत नाही. तो मी लिहिलेलं वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवून कामाला लागतो.

तुम्ही गावाला गेला आहात आणि शेजाऱ्याला फोनवरून सांगताय, गॅसचा कॉक कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो. शेजारी तुमच्या शब्दावर हात फिरवणार. माझं काम म्हणजे आयुष्यभर असे फोन.

या कामाचा नियम एकच. जे आहे ते लिहायचं. आपल्याला काय हवंय ते लिहायचं नाही. दिवा किती करंट सोसतो हे फाईलमध्ये येतं, आज तो किती प्रखर लावायचा हे येत नाही. ते डॉक्टरांनी किंवा नर्सने ठरवायचं, त्याची जागा वेगळी, मशीनच्या मेनूत. ऐकायला हे सरळ आहे. पण फाईल हाताशी असते, एक ओळ घातली की काम भागतं, आणि चांगली हुशार माणसं तिथेच घसरतात.

दुसरी घसरण आमच्या धंद्याच्या चालीतली आहे. नवी फाईल कोऱ्या पानावर कुणीच लिहीत नाही. मागच्या मॉडेलची घ्यायची आणि बदलत जायची. त्यामुळे बंद पडलेल्या मशीनमधल्या गोष्टी नव्यात राहून जातात. एकदा घाटकोपरच्या एका नर्सिंग होममधून डॉक्टरांचा फोन आला. गुजराती गृहस्थ, मराठी फर्डं. म्हणाले, "अहो, तुमचं मशीन चालू केलं की विचार करत बसतं. एवढा विचार तर आमचे पेशंट पण ऑपरेशनआधी करत नाहीत."

मी आणि सदा गेलो. मशीन सुरू व्हायला खरंच फार वेळ घेत होतं, पण सुरू झाल्यावर ठणठणीत. दुपारभर बसल्यावर उलगडलं. जुन्या मॉडेलला कागदाची पट्टी छापणारा प्रिंटर होता. नव्याला नव्हता. आमच्या टीमने फाईल उतरवून घेताना प्रिंटरच्या ओळी तशाच ठेवल्या होत्या. ड्रायव्हर बिचारा दर वेळी प्रिंटरला हाक मारायचा, थांबायचा, पुन्हा हाक मारायचा, आणि मग कंटाळून पुढे जायचा. डॉक्टर हसून म्हणाले, "म्हणजे नसलेल्या माणसाची वाट बघत होता?" सदा मात्र हसला नाही. जिना उतरताना माझ्यावर उखडला. "मेल्या, माझ्या बोर्डार नाय ता तुमी लिवतास कित्याक?" रागावला की तो मालवणीवर यायचा.

तेव्हापासून त्याने एक प्रथा पाडली. कुठलंही मॉडेल बाहेर जायच्या आधी तो बोर्ड हातात घेऊन माझ्यासमोर बसायचा. मी फाईल मोठ्याने वाचायची, ओळ न् ओळ, आणि त्याने त्या त्या चिपवर बोट ठेवून म्हणायचं, "आहे." मी पुढची ओळ. "आहे." मधेच "नाय" आलं की तिथे थांबायचं. याला तो पोथी म्हणायचा. "मास्तर, चला, पोथी." मी वाचतो फार म्हणून मास्तर. कंपनीतली नवी मंडळी आम्हाला हसायची, कारण हे तपासायला आता प्रोग्रॅम आहेत. पण प्रोग्रॅम फाईल बरोबर लिहिली आहे का तेवढं तपासतो. फाईलमध्ये लिहिलेली वस्तू खरोखर तिथे आहे का, हे बोट ठेवल्याशिवाय कळत नाही.

मी निवृत्त झालो आणि थोड्याच काळात सदाला खोकला लागला. तो खोकला काही जाईना. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की फुफ्फुसं हळूहळू कडक होत चालली आहेत आणि ती परत मऊ होत नाहीत. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. कंपनीने खाटेशेजारी ठेवायला आपला एक मॉनिटर दिला. नवा लॉट होता. बोर्ड सदाचा, फाईल माझी. सदा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायचा, जावयाने दिलेला टीव्ही दाखवावा तसा.

या मशीनचा एक चिमटा बोटाला लावतात. चिमट्यात दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा. दोघांचा उजेड बोटातून आरपार जातो, आणि किती गेला त्यावरून रक्तात प्राणवायू किती ते मशीन मोजतं. तुमचंआमचं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के असतं. सदाचं तेव्हा एक्याण्णव-ब्याण्णवला असायचं. नव्वदच्या खाली गेलं की मशीन वाजायचं.

मग ते सारखं वाजू लागलं. वैशाली वहिनींचा फोन आला. त्या महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या, आवाज नेहमी वर्गात असल्यासारखा. त्या दिवशी तो आवाज नव्हता. "भावजी, तुमचं मशीन गप्पच होत नाही. चौऱ्याऐंशी दाखवतंय. डॉक्टर म्हणतात असंच राहिलं तर ॲडमिट करायचा विचार करावा लागेल, आणि हे ऐकतच नाहीत. म्हणतात मशीनच बिघडलंय."

मी गेलो तेव्हा सदा उशांना टेकून बसला होता. ऑक्सिजनची नळी नाकाला. वाक्यं तोडून बोलत होता.

"काय रे मास्तर. माझाच बोर्ड. माझ्यावर बोंबलतोय."

"चिमटा नीट लागलाय का?"

"मला शिकवतोस?"

मी त्याचं बोट चोळून गरम केलं, कारण थंड बोटावर आकडा खाली येतो. चौऱ्याऐंशी. चिमटा माझ्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. वहिनींनी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून दुसरं एक छोटं यंत्र आणवलं होतं, ते सदाला लावलं. एकोणनव्वद.

"बघ," सदा म्हणाला. "दुकानातलं डबडं. एकोणनव्वद. आपलं चौऱ्याऐंशी. कोण खोटं?"

"तुमच्या बोटाला तर बरोबर दाखवतंय ना?" वहिनींनी मला विचारलं.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती सदाला आणि मला दोघांनाही ठाऊक होती. फाईलमध्ये त्या लाल दिव्याची एक प्रॉपर्टी असते: त्याचा उजेड नेमका किती लाल आहे. नुसतं लाल म्हणून भागत नाही, त्याचा आकडा लागतो. दिवा एक असला आणि फाईलमध्ये आकडा दुसऱ्याचा असला, तर निरोगी माणसाच्या बोटावर फारसा फरक दिसत नाही. जसजसा प्राणवायू कमी, तसतशी चूक वाढत जाते. म्हणजे माझं अठ्ठ्याण्णव बरोबर असूनही सदाचं चौऱ्याऐंशी चूक असू शकत होतं.

वहिनी चहा ठेवायला गेल्या. सदाने मला जवळ बोलावलं. "तिकडे आयसीयूत गेलो ना, मास्तर, मी परत येत नाय. मागे गेलो तेव्हा कसा आलो ते मला ठाऊक." तो थांबला, दम घेतला. "मशीन चुकतंय तर प्रश्नच नाय. घरीच राहीन. चुकत नसेल तर... तर बसून विचार करावा लागेल. तू फाईल बघ. नंतर मी ठरवतो."

"आत्ता बघतो."

"आत्ता नाय. पोथी वाचू. कपाटात बघ, खालच्या कप्प्यात. बोर्ड आहे."

त्याच मॉडेलचा एक सुटा बोर्ड त्याच्याकडे होता. तो मी त्याच्या मांडीवर ठेवला, येताना आणलेल्या लॅपटॉपवर ती फाईल उघडली आणि वाचायला लागलो. पहिल्या ओळीला त्याने बोट ठेवलं. "आहे." मी पुढे गेलो. "आहे." बोट जागच्या जागी पोचत होतं, बघावंही लागत नव्हतं. मधे त्याला थांबावं लागायचं, तेवढा वेळ मी पडद्याकडे बघत राहायचो. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप हातात धरूनच दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आम्हाला हे करताना कधी पाहिलं नव्हतं.

"हे काय चाललंय?"

"पोथी," सदा म्हणाला. "चप्पल काढून ये."

वहिनींना हसू आलं. त्या घरातलं मी ऐकलेलं ते शेवटचं मोकळं हसू.

मी वाचत होतो आणि आतून माझी काय अवस्था होती ते लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. इतकी वर्षं फाईल वाचताना मी चूक निघू नये म्हणून जीव मुठीत धरायचो. त्या दिवशी मला चूक हवी होती. ती माझी असावी, ठळक असावी, आणि मी ती लिहून गेलो याची लाज आयुष्यभर वाटावी, अशी हवी होती. प्रत्येक "आहे" मला नकोसा वाटत होता. एकेक ओळ बरोबर ठरत होती आणि सदा एकेक पायरी खाली जात होता.

लाल दिव्याच्या ओळीवर आलो. मी आकडा वाचला. सदाने बोट उचललं आणि कुठेच ठेवलं नाही.

"दिवा बोर्डावर नाय. चिमट्यात आहे."

"हो."

"हा लॉट माझ्या मागून आलाय. मी रजेवर. दिवे कुठले घातले, मी बघितलं नाय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "दिवा बदलला असेल. फाईल तीच राहिली असेल."

"असू शकतं."

"असू शकतं काय? होतंच असं. प्रिंटर विसरलास?"

त्याच्या चेहऱ्यावर रंग आल्यासारखा वाटला. मशीनवर मात्र चौऱ्याऐंशीच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीत गेलो. रिक्षाने जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने निघालो होतो, पण सिग्नलला बसवेना म्हणून अलीकडेच उतरलो आणि चालत गेलो. चालताना सारखा हिशेब मांडत होतो. दिवा थोडा जास्त गडद लाल असेल तर आकडा इकडे सरकेल, फिकट असेल तर तिकडे. एका बाजूने मोजलं की सदा घरी राहत होता.

चिमट्यांची तपासणी निखत शेख बघते. पंधराएक वर्षं तिथे आहे. मला बघून उठली. "सर, तुम्ही? परब सर कसे आहेत?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने लॉट काढला आणि म्हणाली, "हो सर, दिवे बदललेत या लॉटला. जुना सप्लायर माल देईना. दुसऱ्याकडून घेतले."

मी तिच्या पडद्याकडे वाकलो. "मग फाईल?"

"थांबा ना. असं उभं राहू नका, बसा." तिने त्याच लॉटमधले चार चिमटे आणले आणि उजेड मोजायच्या यंत्रात एकेक धरत गेली. मी बसलो नाही. तिच्या खांद्यामागून बघत होतो. पडद्यावर लाल उजेडाची रेघ चढायची, एक टोक गाठायची आणि उतरायची. ते टोक जिथे, तो दिव्याचा आकडा.

पहिला चिमटा. फाईलमध्ये होता तोच आकडा. दुसरा, तोच. तिसरा केसभर इकडे. चौथा तोच.

"सप्लायर बदलला, सर, पण दिवा आपण सांगितला तसाच घेतला," निखत म्हणाली. "मीच पास केलाय हा लॉट. नाहीतर मी सोडते का?"

"तो तिसरा?"

"तिसऱ्याने अर्धा टक्का पण फरक पडणार नाही. तुम्हाला माहितीये."

"केमिस्टचं मशीन एकोणनव्वद दाखवतंय."

"सर," ती हळूच म्हणाली, "त्याच्यात कोणी काय लिहिलंय, तुम्हाला माहिती आहे का?"

मला माहीत नव्हतं. आमच्यात काय लिहिलंय ते माहीत होतं. निखतने मशीन बंद केलं, ओढणीने डोळे टिपले आणि म्हणाली, "परब सरांना माझा सलाम सांगा." मी तिला कबूल केलं आणि सदाला तो सांगायचा राहून गेला.

तिथून थेट भांडुपला जायचं धैर्य झालं नाही. मरोळला एका हॉटेलात चहा मागवला आणि तसाच टाकून उठलो. पुस्तकांच्या दुकानात शिरलो, एक पुस्तक हातात घेतलं, परत ठेवलं. दुपार कलल्यावर सदाच्या दारात उभा होतो. खांद्याला लॅपटॉपची बॅग होती. सकाळी निघताना ती का घेतली होती याचा विचार मी तोवर केला नव्हता.

वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. सदाने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. तरी म्हणाला, "बोल."

"दिवे बदललेत. पण आकडा तोच आहे. मी स्वतः बघितलं."

"फाईल बरोबर?"

"बरोबर."

मशीन वाजलं, त्याने हात लांब करून ते गप्प केलं. ते बटण थोडा वेळच गप्प करतं. पुन्हा वाजणार हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

मग त्याने बॅगेकडे बोट दाखवलं. "एक आकडा बदल."

"काय?"

"लाल दिव्याचा. थोडा सरकव. नव्वद दाखवेल. ती झोपत नाय रे. रात्रभर त्या पडद्याकडे बघत बसते. पाव तासाचं काम तुझं."

पाव तासाचंच होतं. कुठली ओळ, कुठला आकडा, किती सरकवायचा, सगळं रस्त्यात चालताना माझ्या डोक्यात मांडून झालं होतं. बॅगेची चेन मी उघडली होती की नाही ते मला आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की माझ्या तोंडून जे आलं ते शहाणपणाचं नव्हतं, चिडल्यासारखं आलं.

"तुझ्या बोर्डावर नाही ते मी कसं लिहू?"

सदा माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला, हसता हसता खोकला आला आणि तो थांबेना. मी पाठ धरून उभा राहिलो. शांत झाल्यावर म्हणाला, "आवशीचो घोव. माझाच डायलॉग माका मारतंस."

"सदा, फाईलला हात नाही लावणार मी. पण मशीन कितीला वाजावं, ते फाईलमध्ये नाहीच. ते मेनूत आहे. ते डॉक्टर ठरवतील. तू आणि वहिनी ठरवाल."

"म्हणजे तिला सांगावं लागेल."

"हो."

"तू सांगशील?"

मी उत्तर द्यायच्या आत जिन्यावर वहिनींच्या चपला वाजल्या. सदाने मान हलवली. नको, अशा अर्थाने. त्या आत आल्या, औषधाची पिशवी टेबलावर ठेवली.

"वैशाली," सदा म्हणाला, "मशीन बरोबर आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"मग बॅग भरते," त्या म्हणाल्या आणि खरंच कपाटाकडे गेल्या. "टॉवेल, ब्रश, रिपोर्टची फाईल. रिक्षा नको, ॲम्ब्युलन्सच सांगू. भावजी, जरा फोन लावा ना."

"वैशाली, बस इथे."

"बसायला वेळ आहे का?"

"आहे. तेवढाच आहे. बस."

मी दुसऱ्या खोलीत गेलो. भिंत पातळ होती. वहिनी मोठ्याने बोलत होत्या, वर्गातल्या आवाजात, आणि सदा अडखळत उत्तर देत होता. "तुम्हाला काय, तुम्ही मोकळे!" एवढं एकच वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. मी त्यांच्या गॅलरीतून खाली बघत उभा राहिलो, मग बाथरूममध्ये गेलो, मग परत गॅलरीत. आपण काय केलं असं वाटत होतं. पाव तासात या घरात शांतता करता आली असती.

संध्याकाळी डॉक्टर आल्या. भांडुपच्याच, घरी येऊन बघणाऱ्या. त्यांनी काही लपवलं नाही. हॉस्पिटलमध्ये मास्कचं मशीन लावतील, त्याने काही दिवस मिळतील, फुफ्फुसं मात्र सुधारणार नाहीत.

"मग काहीच करायचं नाही?" वहिनी म्हणाल्या.

"करायचं आहे. ऑक्सिजन वाढवू. दम लागतो त्यावर औषध आहे, ते सुरू करू. त्रास होऊ द्यायचा नाही. फक्त त्या आकड्याच्या मागे धावायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी सांगा."

सदा वहिनींकडे बघत होता. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि मग मला म्हणाल्या, "दाखवा, ते कुठून बदलतात."

मी मेनू उघडून दिला. अलार्मची मर्यादा, नव्वद. खालच्या बाणाचं बटण दाखवलं. त्यांनी बोट ठेवलं आणि थांबल्या.

"किती करू?" त्यांनी विचारलं. मला नाही, डॉक्टरांना नाही, सदाला.

सदाने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी आकडा सांगितला. वहिनी एकेक अंक खाली उतरवत गेल्या, प्रत्येक वेळी बटणाचा बारीकसा आवाज. मशीन गप्प झालं. पडद्यावरचा आकडा तिथेच होता, मोठा, हिरवा, खरा.

त्यानंतर सदा काही आठवडे होता. मी बहुतेक रोज जायचो. तो जास्त बोलत नसे. एकदा मला म्हणाला, "त्या दिवशी बदलला असतास ना आकडा, तर मी तुला माफ केलं असतं. पण परत कधी पोथी ऐकली नसती." ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वहिनींना त्या आठवड्यांत झोप लागत होती का, हे विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही. आकडा बदलला असता तर त्या बेसावध राहिल्या असत्या, पण झोपल्या असत्या. दोन्ही बाजूंनी मांडून बघतो, उठतो, चालून येतो.

तो दुपारी गेला, जेवणं झाल्यावर, घरी. मी तेव्हा मुलुंडला होतो.

सगळे दिवस झाल्यावर वहिनींनी बोलावलं. आमच्या कंपनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या आईला मशीन हवं होतं, मानखुर्दला. वहिनींनी ते स्वच्छ पुसून, वायरी गुंडाळून तयार ठेवलं होतं. मी उचलायला गेलो तर म्हणाल्या, "थांबा. आधी ते नव्वद करायचंय परत. त्यांच्याकडे वाजायला हवं."

"मी करतो."

"तुमच्या फाईलमध्ये नाही ना ते? मग मी करते."

त्यांनी वायर लावली, मेनू उघडला आणि मला न विचारता बाण दाबत वर गेल्या. नव्वद. मग चिमटा सोडवून स्वतःच्या बोटाला लावला. पडदा थोडा वेळ रिकामा राहिला आणि आकडा उमटला. सत्त्याण्णव.

"हा बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"असं नाही. बघून सांगा."

मी खाली वाकलो. चिमटा नीट बसला होता. बोट गरम होतं. नखातून लाल उजेड दिसत होता. पडद्यावर नाडीची रेघ सरळ, एकसारखी चालली होती.

"बरोबर आहे, वहिनी."

त्या त्या आकड्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी चिमटा काढून खाटेवर ठेवला. मशीन वाजायला लागलं. चिमट्यात बोट नाही, असं पडद्यावर आलं. आम्ही दोघं शेजारी उभे होतो, बटण हाताच्या अंतरावर होतं, आणि बराच वेळ कुणीच ते दाबलं नाही.